शंका-समाधान : जुना कंटेनर शेतावर आणण्याआधी

जहाजावरून निवृत्त झालेले लोखंडी कंटेनर न्हावा शेवा, उरण, पनवेल भागातल्या यार्डांतून ट्रेलरवर चढून थेट शिवारात येऊ लागले आहेत. चोराचिलटांपासून आणि पावसापासून सामान राखायला हा डबा चांगला, पण तो कोठार म्हणून बनवलेला नाही. वाचकांकडून आलेल्या बहुतेक पत्रांचं मूळ यातच आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं अशी.

ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप, मोटारी आणि फवारणी पंप ठेवायला २० फुटी कंटेनर घेतोय. चाळीत न मावलेला कांदाही त्यात भरता येईल का? (एक वाचक, ता. निफाड)

कांदा भरू नका. साठवणीतला कांदा श्वास घेत असतो, म्हणजे ऊब आणि ओल बाहेर टाकत असतो. चाळीत खालून आणि दोन्ही बाजूंनी वारा फिरतो, म्हणून ती ऊब निघून जाते. कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. बंद लोखंडी डब्यात दुपारी याच्या कितीतरी वर पारा जातो आणि ओलीला वाट नसते. तिथे सड लागेल. दारं उघडी ठेवूनही फरक पडत नाही, कारण मागची भिंत बंद असल्यानं वारा आरपार जात नाही.

बाकीच्या सामानाला मात्र कंटेनर उत्तम. ठिबकच्या नळ्यांना उन्हापासून आडोसा मिळतो. उंदीर त्या कुरतडतात, तेव्हा दाराचं रबर तळाशी फाटलेलं नाही एवढं पाहा. पाइपांचा हिशेब मात्र आधीच करा. ‘२० फूट’ हे बाहेरचं माप आहे. आतली लांबी सुमारे ५.९० मीटर, रुंदी २.३५ मीटर आणि उंची २.३९ मीटर. पीव्हीसी किंवा तुषारचा पाइप ६ मीटरचा, म्हणजे तो सरळ आडवा मावतच नाही! भिंतीला लागून तिरका ठेवावा लागतो: एक टोक जमिनीवर, दुसरं सव्वा मीटर उंचीवरच्या ब्रॅकेटवर. असे दोन-तीन ब्रॅकेट भिंतीच्या पत्र्याला न जोडता उभ्या अँगलवर बसवा, नाहीतर १.६ मिलिमीटरचा पत्रा वजनानं आत ओढला जातो. पाइप खूप असतील तर सरळ ४० फुटी घ्या.

दारं फक्त बाहेरून बंद होतात आणि बाहेरूनच उघडतात. आत माणूस असताना वाऱ्यानं दार लागू नये म्हणून दोन्ही पाखं पूर्ण फिरवून बाजूच्या भिंतीवरच्या कडीला अडकवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. मुलांना आत खेळू देऊ नका.

यार्डात एकावर एक शेकडो कंटेनर रचलेले असतात आणि सगळे नव्यानं रंगवलेले दिसतात. चांगला कसा ओळखायचा? (एक वाचक, ता. औसा)

रंग शेवटी बघायचा. पाहणी तळापासून सुरू करा. लाकडी फळीखाली साधारण फूटभर अंतरावर आडवे चॅनेल असतात, त्यांवरच सगळं वजन येतं. कंटेनर थरात वर असेल तर खालून पाहता येतो, जमिनीवर असेल तर उचलून दाखवायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथेच पाणी मुरतंय असं समजा. चॅनेलवर आणि दोन्ही लांब बाजूंच्या खालच्या पट्ट्यांवर हातोडीनं ठोका. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळाले तर तो कंटेनर सोडा. छताचं एखादं भोक हजारभर रुपयांत बुजतं, कुजलेले चॅनेल बदलायचे तर अख्खी फळी उखडावी लागते.

मग आत जा आणि बाहेरच्या माणसाला दारं लावायला सांगा. लगेच बाहेर येऊ नका. डोळे अंधाराला सरावायला चार-पाच मिनिटं लागतात. त्यानंतर टाचणीएवढं भोकही चांदणीसारखं चमकतं. उजेड दिसेल तिथे आतून खडूनं खूण करा. छताला खोलगट पोचे असतील तर तिथे पाणी साचून गंज धरतो, भोक आज नसलं तरी पुढच्या पावसाळ्यात पडेल. ठिगळांबद्दल एक युक्ती: खिशात चुंबक ठेवा. वेल्डिंग करून बसवलेल्या पत्र्याला तो चिकटतो. नुसती लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारलेला असेल तर चिकटत नाही.

दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. दोघांत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर चौकट पिळलेली आहे. चारही लॉकिंग रॉड एका माणसाला, पहार न लावता, फिरवता आले पाहिजेत.

आता प्लेट. दारावर ॲल्युमिनियमची एक पट्टी रिव्हेट केलेली असते, तिला सीएससी प्लेट म्हणतात. त्यावर बनावटीचं वर्ष असतं. बारा-पंधरा वर्षं समुद्रावर काढलेले कंटेनरच सहसा विक्रीला येतात, त्यामुळे वय पाहून दचकू नका. महत्त्वाची ओळ आहे लाकडाच्या प्रक्रियेची. २८ मिलिमीटरची प्लायवूडची फळी किडीपासून वाचावी म्हणून तिला कीटकनाशक पाजलेलं असतं, त्याचं नाव आणि वर्ष तिथे कोरलेलं असतं. म्हणून धान्य, पेंड किंवा चारा थेट फळीवर कधीच ओतू नका. पोत्यांखाली पॅलेट आणि जाड ताडपत्री हवीच. फळीला रसायनाचा उग्र वास असेल, तेलकट डाग असतील किंवा भिंतीवर धोकादायक मालाच्या चौकोनी स्टिकरच्या खुणा असतील तर तो कंटेनर खाण्याच्या वस्तूंसाठी बादच समजा.

यार्डातल्या भाषेत ‘कार्गो वर्दी’ म्हणजे अजून माल घेऊन जहाजावर जाऊ शकेल असा, ‘विंड-वॉटर टाइट’ म्हणजे वारा-पाणी आत न येणारा, आणि ‘ॲज इज’ म्हणजे आहे तसा, तक्रार चालणार नाही. शेतावरच्या कोठाराला मधला पुरतो. तिसरा घ्यायचाच असेल तर भाव भंगारच्या दराशी ताडून पाहा: २० फुटी रिकाम्या डब्याचं वजन सुमारे २.२ ते २.३ टन भरतं.

विक्रेता म्हणतो, “कागद कशाला लागतात, डबाच तर आहे.” खरं आहे का? (एक वाचक, ता. संगमनेर)

खोटं आहे. परदेशी कंटेनर देशात माल घेऊन येतो तेव्हा त्याच्यावर सीमाशुल्क भरलेलं नसतं. १९९४च्या अधिसूचना क्रमांक १०४ नुसार त्याला सूट मिळते, अट अशी की सहा महिन्यांत तो परत देशाबाहेर गेला पाहिजे. इथेच विकायचा ठरला तर मालकानं बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं सीमाशुल्क खात्याकडे द्यायचं विवरण) भरून शुल्क चुकतं करावं लागतं. ते न भरता विकलेला डबा कस्टम्स ॲक्ट, १९६२ खाली जप्त होऊ शकतो, आणि तो उभा असेल तुमच्या बांधावर.

म्हणून दोन कागद मागा: कंटेनरचा नंबर टाकलेलं जीएसटीचं पक्कं बिल आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत. मधे एखादा व्यापारी असेल तर त्याच्या खरेदीच्या बिलाचीही प्रत घ्या. नंबर म्हणजे चार अक्षरं (चौथं बहुधा ‘यू’), सहा आकडे आणि चौकटीतला एक शेवटचा आकडा. हा शेवटचा आकडा आधीच्या दहा अक्षर-आकड्यांवरून गणितानं काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा जरी चुकीचा उतरवला तरी ताळा जुळत नाही. ताळा काढून देणारी सोय इंटरनेटवर फुकट मिळते. दारावरचा, भिंतीवरचा आणि बिलावरचा नंबर एकच हवा. नंबराखालची खूण प्रकार सांगते: ‘२२जी१’ म्हणजे साधा २० फुटी, ‘४५जी१’ म्हणजे जास्त उंचीचा ४० फुटी.

सर्रास घडणारा घोळ असा की पाहिलेला डबा एक असतो आणि दारात येतो दुसराच. विसार देताना नंबराचा फोटो काढा आणि उरलेली रक्कम तोच नंबर ट्रेलरवर चढल्यावर द्या.

शेतजमिनीवर ठेवण्याबाबत: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या ‘शेतघरा’च्या व्याख्येत अवजारं, खत, वैरण आणि शेतमाल साठवण्याची इमारत येते. तोच डबा भाड्यानं दिला, त्यात दुकान थाटलं किंवा जमीन नगरपालिकेच्या हद्दीत असली तर नियम बदलतात. तेव्हा तलाठी कार्यालयात आधी विचारून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात कंटेनर ठेवला. पावसाळ्यानंतर उजवं दार लागेनासं झालं. खाली चार सिमेंटचे ठोकळे आहेत, जमीन काळी. (एक वाचक, ता. परतूर)

दार बिघडलेलं नाही, जमीन हलली आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मातीवर नुसते टेकवलेले ठोकळे तिच्याबरोबर वरखाली होतात. एक कोपरा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खचला तरी चौकट पिळते आणि दारांच्या कडा एकमेकींवर चढतात.

तात्पुरता इलाज: दोन्ही पाखं शेजारी आणून बघा. जे पाखं खाली उतरलेलं दिसेल त्याच बाजूचा दाराकडचा कोपरा खचलेला आहे. त्या कोपऱ्याशेजारी खालच्या पट्टीला १० टनी बॉटल जॅक लावा, जॅकखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट ठेवा. हळूहळू उचला आणि दारं समपातळीत आली की कोपऱ्याखाली ३ आणि ५ मिलिमीटरच्या प्लेटा सरकवा. हात घालून नाही, काठीनं ढकलून. जॅकवर असताना कोणीही खाली वाकायचं नाही.

कायमचा इलाज पायातच आहे. हा डबा चार कोपऱ्यांवर उभा राहण्यासाठीच बनवलेला असतो, मधे टेकू लागत नाही. कोपऱ्यांच्या ओतीव ठोकळ्यांचा तळ पट्टीपेक्षा थोडा खाली असतो. म्हणून सपाट कोब्यावर ठेवला तरी वजन चार ठिकाणीच येतं, आणि अख्ख्या कोब्याचा खर्च बहुतेक वाया जातो.

२० फुटीसाठी चार खांबांच्या मध्यबिंदूंची मापं लांबीत ५.८५३ मीटर, रुंदीत २.२५९ मीटर आणि कर्ण ६.२७ मीटर. कर्ण जुळवल्याशिवाय खोदू नका. प्रत्येक खड्डा ६० बाय ६० सेंटिमीटरचा, मुरूम लागेपर्यंत. तुमच्याकडे मुरूम खोल असेल तर मीटरभर खोदून, बाहेरून आणलेला मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुमसा आणि त्यावर काँक्रीट घाला. डबा आणि आतलं ८ टन सामान मिळून सव्वादहा टन होतात, म्हणजे एका खांबावर सुमारे २.६ टन. खांब जमिनीपासून निदान फूटभर वर काढा, नाहीतर चॅनेलना वारा लागत नाही आणि गवत, वाळवी, घुशी थेट फळीशी पोचतात. वर २५ सेंटिमीटर चौरस, १० मिलिमीटर जाडीची प्लेट. लेव्हल ट्यूबनं चारही माथे ५ मिलिमीटरच्या आत आणा. छतावरचं पाणी निघून जावं म्हणून मागचे दोन्ही खांब दाराकडच्या दोघांपेक्षा सारखेच सेंटिमीटरभर उंच ठेवलेत तरी चालेल. एकच कोपरा उंच चालणार नाही.

उतरवताना एक सांभाळा. हायड्रावाले बऱ्याचदा आखूड साखळी आणतात. चार पायांची साखळी वरच्या कोपऱ्यांना अडकवून २० फुटी रिकामा डबा उचलायचा तर प्रत्येक पाय किमान ६.३ मीटर, म्हणजे २१ फूट लांब हवा. त्याहून आखूड साखळीचा ताण आडवा पडतो आणि वरच्या पट्ट्या आत दबतात. लांब साखळी म्हणजे हूकही उंच जाणार, तेव्हा वर विजेच्या तारा नाहीत अशीच जागा धरा. ४० फुटी डबा या पद्धतीनं उचलायचाच नाही, त्याला स्प्रेडर, म्हणजे कोपरे सरळ वर उचलणारी लोखंडी चौकट लागते.

छतावर हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवता येईल? (तेच वाचक)

नाही. छताची चाचणी ६० बाय ३० सेंटिमीटरवर ३०० किलो, एवढ्याच भाराची असते: दुरुस्तीला चढलेल्या दोन माणसांपुरती. भरलेली टाकी टनाच्या वर जाते. ठेवायचीच असेल तर चार कोपऱ्यांच्या खांबांवर टेकणारा वेगळा लोखंडी सांगाडा करून घ्या.

डबा कुठेच गळत नाही, नळीनं पाणी मारून पाहिलं. तरी सकाळी छतातून थेंब पडतात, काजूबियांची पोती ओली होतात. पावसाळ्यात नाही, दिवाळीच्या सुमाराला. (एक वाचक, ता. देवगड)

पाणी बाहेरून येत नाही, आतल्या हवेतूनच पडतं. गवतावर दहिवर पडतं तेच इथे छताच्या आतल्या बाजूला पडतं. ३० अंशांच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. ही हवा २६ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की वाफेचं पाणी होऊ लागतं. पावसाळ्यात आभाळ ढगाळ असतं, त्यामुळे रात्री पत्रा फार थंड होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमीन अजून ओली, दिवसा ऊन कडक आणि रात्र निरभ्र. पत्र्याची ऊब उघड्या आकाशाकडे जाते आणि तो भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतो. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

नुसत्या हवेतलं पाणी मात्र थोडं असतं. २० फुटीत ३३ घनमीटर हवा असते, छत २२ अंशांवर आलं तरी एका खेपेला १६० ग्रॅमच्या आसपास गळेल. पोती भिजवण्याइतकं पाणी मालातून येतं. एक टन बियांतली एक टक्का ओल उडाली तरी १० लिटर पाणी झालं. दिवसा डबा तापला की बिया वाफ सोडतात, रात्री तीच छतावरून त्यांच्याच अंगावर पडते. म्हणून पहिला उपाय उन्हातला: बी कडकडीत वाळवून, रात्रभर थंड करून मगच भरा. दुपारी खळ्यावरून गरम पोती थेट आत नेऊ नका. ओल्या लाकडाचे पॅलेट आणि भिजलेली गोणपाटंही बाहेरच.

दुसरा उपाय सावलीचा, आणि तोच सगळ्यात गुणकारी. डब्यावर दीड-दोन फुटांची फट ठेवून पत्र्याचं उतरतं छप्पर घाला, चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढलेलं. दुपारी डबा तापत नाही आणि रात्री उघडं आकाश दिसत नसल्यानं गारही पडत नाही. तुमच्याकडे पावसाची झोड पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते, दार पूर्वेला असावं.

तिसरा, वारा. भिंतीच्या वरच्या कडेला असलेली कारखान्यातली छोटी झाकणं हवेचा दाब सारखा राहण्यापुरती असतात, त्यांनी वारा खेळत नाही. एका लांब भिंतीत खाली दोन आणि समोरच्या भिंतीत वर दोन, अशा फूटभर चौरस झडपा बसवा. कापलेल्या जागेला अँगलची चौकट वेल्ड करा, कारण पत्र्याच्या नाल्याच भिंतीला ताठ ठेवतात. उंदीर अडायला जाळीचं भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको.

कॅल्शियम क्लोराइडची ओल शोषणारी पाकिटं मिळतात. पण ती फक्त घट्ट बंद डब्यात काम करतात. झडपा उघड्या ठेवून पाकिटं टांगणं म्हणजे अख्ख्या कोकणातली हवा कोरडी करायला निघणं. शिवाय त्यांतून गळणारं खारं पाणी लोखंड खातं, खाली ट्रे हवाच.

कंटेनरच्या कॉर्टेन पोलादावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि पुढचा गंज थांबतो, असं विक्रेते सांगतात. घाटावर ते बऱ्यापैकी खरं, खाऱ्या वाऱ्यात मात्र तो थर टिकत नाही. देवगड-मालवणात आणि गोव्याच्या किनारपट्टीवर दरवर्षी एप्रिलात तळाच्या पट्ट्या, दाराचा खालचा कोपरा आणि छत वायर ब्रशनं घासून, गोड्या पाण्यानं धुऊन, वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर आणि रंग लावा. धुतल्याशिवाय रंगवलं तर मीठ आत कोंडतं आणि रंगाखालून फोड येतात.

युरिया, पोटॅश आणि कीटकनाशकं एकाच कंटेनरमध्ये ठेवावीत का? (एक वाचक, ता. तासगाव)

युरिया हवेची आर्द्रता ७२-७३ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतो. पोटॅशमधलं क्लोराइड लोखंडाचं वैरी. सांडलेली खतं फळीच्या फटींतून चॅनेलवर उतरतात आणि तिथून न दिसणारा गंज सुरू होतो. पोती पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब आणि प्लास्टिकच्या कागदानं झाकून ठेवा. हंगाम संपला की झाडून काढा, पाण्यानं धुऊ नका. कीटकनाशकं इथे नकोतच. उन्हात डबा तापतो, बाटल्या फुगतात, वाफ कोंडते आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. डिझेल-पेट्रोलचंही तेच. आणि धान्याला कीड लागली म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून स्वतः दार लावू नका. जुन्या रबरातून त्यांचा विषारी वायू बाहेर पडतो. हे काम परवानाधारक धुरीकरणवाल्याचं.

जुना रेफ्रिजरेटेड कंटेनर घेऊन फुलं, स्ट्रॉबेरी ठेवता येईल का? (एक वाचक, ता. मावळ)

त्याचं मशीन आधीच थंड केलेला माल थंड राखण्यासाठी असतं, शेतातून आलेली ऊब काढण्यासाठी नाही. दुपारी तोडलेला माल भरला तर मशीन रात्रभर धापा टाकेल आणि मधल्या खोक्यांतली फळं तरीही गरमच राहतील. पहाटे तोडणी आणि स्वतंत्र प्रीकूलिंग असेल तर विचार करा. वीज थ्री-फेज, ४०० व्होल्टच्या आसपास लागते. गावच्या फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज किती उतरतं ते आठवडाभर मोजून मगच विसार द्या, आणि अर्थिंग व आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वगळू नका. घेताना मशीन तुमच्यासमोर चालवून पाहा. उणे तापमानापर्यंत नेऊन काही तास धरून दाखवायला सांगा, नुसता पंखा फिरतो म्हणजे थंड होतंय असं नाही. भिंतीच्या जोडांतून पाणी झिरपत असेल तर आतला फोम भिजलेला आहे, तो पुन्हा वाळत नाही. बाजारात बहुतेक ४० फुटीच मिळतात, तेव्हा ट्रेलर शेताच्या वाटेनं वळेल का तेही बघा.

मशीन काढून टाकलेला रेफर स्वस्त मिळतो. तो थंड करत नाही, पण फोममुळे छतातून थेंब पडणं जवळपास थांबतं, म्हणून बियाणं किंवा सुटे भाग ठेवायला साध्या डब्यापेक्षा बरा. मशीनच्या जागी राहिलेलं मोठं भगदाड नीट बंद केलंय का ते पाहा, आणि भिंती गॅसनं कापू देऊ नका: फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो.